मेच्या शेवटी तारीख, चौथा मजला आणि कूलर : सल्ला हवा आहे

पहिलटकरीण | १५ मार्च, रात्री १०:४०

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहिते आहे. मला २९ आठवडे पूर्ण झालेत, तारीख २८ मे. नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. २५ तारखेला नवतपा लागतो आणि माझं बाळ नेमकं त्यातच यायचं आहे.

आम्ही मनीषनगरला चौथ्या मजल्यावर राहतो, वर थेट गच्ची. मागच्या मेमध्ये रात्री अकरालासुद्धा भिंतीला हात लावला तर कोमट लागायची. हॉलमध्ये मोठा लोखंडी कूलर आहे, एसी नाही. सासूबाई म्हणतात कूलरच्या हवेनं बाळाला सर्दी होते, एसी तर नकोच. आई म्हणते यवतमाळला ये, आपलं घर खाली आहे, मागे कडुनिंब आहे. माझ्या डॉक्टर मात्र इथेच आहेत आणि दीडशे किलोमीटरचा प्रवास आहे.

ज्यांची बाळं एप्रिल-मेमधली आहेत त्यांनी काय केलं? कूलर की एसी? माहेरी जावं की इथेच थांबावं? तिसरी गोष्ट, हिमोग्लोबिन ९.२ आलं आहे. गोळ्या चालू आहेत, पण घेतल्या की मळमळतं.

निळीछत्री | १५ मार्च, रात्री ११:१२

अभिनंदन! माझा मुलगा १९ मेचा. आम्ही एसी २६-२७ वर ठेवायचो आणि वारा बाळाच्या अंगावर येणार नाही अशा बाजूला पाळणा. काही झालं नाही, आता चार वर्षांचा आहे. एसी घ्याच.

गोधडी | १६ मार्च, सकाळी ७:०५

एसीचं खरं आहे, पण लाइट गेली की एसी बंद. आमच्या नंदनवनला मेमध्ये दुपारी दोन-दोन तास लाइट जायची. इन्व्हर्टरवर कूलर चालतो, एसी नाही चालत. त्यामुळे कूलर मोडीत काढू नको. यंदा गवत बदलून घे, जुन्या गवताला वास येतो आणि धूळ उडते. वाळ्याच्या ताट्या मिळाल्या तर फार छान, माझ्या बाळंतपणात खोलीला वाळ्याचा वास असायचा. अजूनही तो वास आला की मला लेकीचं टाळूचं तेल आठवतं.

आणि गच्चीवर चुना मारून घे. सोसायटीला विचारून पांढरा चुना दोन हात. वर हिरवी जाळी. खालच्या खोलीत लगेच फरक कळतो.

वऱ्हाडीमाय | १६ मार्च, सकाळी ८:३०

माय, तू इतकी घाबरून काऊन राहिली? आमच्या वेळेस ना कूलर होता ना एसी. माझा मोठा पोट्टा मेचाच. ओल्या चादरी दाराले लटकवायच्या, माठाच्या बाजूले पाळणा. सासू हातपंख्यानं वारा घाले. लेकरू सुखरूप. माहेरी जा, मायच्या हातचं खा. पहिलं बाळंतपण माहेरीच झालं पाह्यजे.

बेसारोड | १६ मार्च, सकाळी ९:१५

वऱ्हाडीमाय काकू, तेव्हाची घरं कवेलूची होती, जाड मातीच्या भिंती होत्या. चौथ्या मजल्यावरचा स्लॅब आणि त्या भिंती यांची बरोबरी होत नाही.

पारिजात | १६ मार्च, दुपारी २:५०

मी लेबर रूममध्ये सिस्टर आहे, सतरा वर्षं झाली. एकेक सांगते.

कूलर चालतो. फक्त तोंड बाळाकडे नको आणि समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसती ओल साचते. बाळाला गार वाटतंय की गरम हे हातापायांवरून ठरवू नका, ते थंडच असतात. छाती किंवा मानेची मागची बाजू चाचपा. तिथे घाम असेल तर एक कपडा काढा. मेमध्ये टोपडं, मोजे, वर दोन दुपटी असं गुंडाळून आणलेली बाळं मी दरवर्षी बघते. अंग तापलेलं असतं, घरचे म्हणतात ताप आला. उघडं केलं, अंगावर घेऊन दूध पाजलं की अर्ध्या तासात बहुतेक वेळा उतरतो. नाही उतरला तर मात्र वाट बघायची नाही. महिन्याच्या आतल्या बाळाचा ताप घरी अंगावर काढायचा नसतो.

दुसरं, लोखंडी कूलरला अर्थिंग आहे ना ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं जातात. ओल्या फरशीवर उभं राहून पाणी भरायचं नाही, आधी प्लग काढायचा. तू तर भरूच नकोस, बादल्या उचलायचं काम अहोंना दे.

तिसरं, गोळी. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेत असशील तर लोह अंगी लागत नाही. दोन तासांचं अंतर ठेव. चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घे. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर झोपताना घेऊन बघ. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नको. सातव्या महिन्यात ९.२ कमी आहे. पुढच्या वेळी वाढलं नाही तर सलाईनमधून लोह देतात, तेही सुरक्षित आहे. डॉक्टरांना स्वतःहून विचार.

तर्रीपोहे | १६ मार्च, संध्याकाळी ६:२०

बादल्या भरण्याच्या खात्यातला माणूस हजर आहे. बायकोला आठवा महिना आहे, आमचा कूलर साठ लिटरचा, दिवसातून दोनदा भरतो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करायची, हे मात्र लक्षात ठेवा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

संत्राबर्फी | १६ मार्च, रात्री ९:००

मला पाचवा महिना आहे आणि रोज संत्री लागतात. सध्या मृग बहाराची चालू आहेत तोवर ठीक, एप्रिलनंतर काय करायचं कळत नाही. नवरा कॉटन मार्केटमधून पेटीच घेऊन आला. लोहाच्या गोळीबरोबर संत्र्याचा रस चालतो का पारिजातताई?

पारिजात | १६ मार्च, रात्री ९:४०

चालतो, चांगलाच. त्यातल्या क जीवनसत्त्वानं लोह शोषलं जातं. साखरेची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत करून घे म्हणजे झालं. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४० च्या आत हवी. रसापेक्षा अख्खं फळ खा.

अंबाझरी | १७ मार्च, सकाळी १०:१०

कूलरबद्दल एक मुद्दा राहिला. तारीख २८ मे. आपल्याकडे पाऊस येतो जूनच्या मध्यावर. म्हणजे बाळ दोन-तीन आठवड्यांचं असतानाच हवा दमट होणार आणि कूलर चिकचिक करायला लागणार. तेव्हा तो बंदच करावा लागतो. म्हणून एका खोलीत एसी आणि हॉलमध्ये कूलर, असं दोन्ही ठेव. माझी मुलगी ३१ मेची. कूलरवर भागेल म्हणून आम्ही थांबलो आणि १८ जूनला धावत जाऊन एसी आणला. तिची मान घामोळ्यांनी लाल झाली होती.

माहेराबद्दल म्हणशील तर जायचं असेल तर आत्ताच, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, सगळ्या फाइलींसह जा आणि तिथल्या डॉक्टरांकडे नाव घाल. नवव्या महिन्यात मेच्या उन्हात तीन तास गाडीत बसणं नको.

पहिलटकरीण | १८ मार्च, रात्री ११:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही एवढं लिहिलंत आणि मला वाटत राहिलं की मी तुम्हाला पूर्ण सांगितलेलं नाही. कूलरचा प्रश्न खरा आहे, पण मला झोप लागत नाही ती त्यामुळे नाही.

तिसऱ्या महिन्यात माझी सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली होती. सोल्युबिलिटी, म्हणजे पहिली साधी चाचणी, पॉझिटिव्ह आली, मग मोठी तपासणी केली, त्यात एएस आलं. म्हणजे मी वाहक. मला कधीच काही त्रास झालेला नाही. डॉक्टर म्हणाल्या, नवऱ्याची तपासणी करून या. यांना सांगितलं तर म्हणाले, आमच्या घरात कोणाला असलं काही नाही, उगाच कशाला सुया टोचायच्या. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा चिडले. सासूबाईंना माहीतच नाही. त्यांना कळलं तर माझ्या माहेरावर येईल म्हणून मी पुढे बोललेच नाही. बघता बघता चार महिने गेले.

आता बाळ रात्री पोटात फिरायला लागतं आणि मी पडल्या पडल्या हिशेब करत असते. ते पण वाहक असतील तर? आता उशीर झाला का? फाइल कपाटात साड्यांखाली ठेवली आहे.

गोधडी | १९ मार्च, पहाटे ५:४०

बाळा, चार महिने हे एकटीनं उराशी धरून बसलीस? आधी ती फाइल साड्यांखालून बाहेर काढ.

पारिजात | १९ मार्च, सकाळी ७:३०

रात्रपाळी संपवून घरी आले आणि हे वाचलं. नीट वाच.

तू वाहक आहेस, म्हणजे तुला आजार नाही. एक जनुक सिकलचं, एक चांगलं. नवरा वाहक नसेल, एए असेल, तर बाळाला सिकलसेलचा आजार होऊच शकत नाही. फार तर ते तुझ्यासारखं वाहक असेल, त्याची शक्यता निम्मी. दोघंही वाहक असाल तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन, काहीच नसण्याची चारात एक. पहिलं बाळ ठीक निघालं म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही.

"आमच्या घरात कोणाला नाही" याला काही अर्थ नाही, कारण वाहकाला काही जाणवतच नाही. तुला तरी कुठे माहीत होतं? विदर्भात हे खूप घरांत आहे, सगळ्या समाजांत आहे.

नवऱ्याची फक्त सोल्युबिलिटी करू नका, एचपीएलसी करा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी मोठी तपासणी. सोल्युबिलिटीत थॅलेसेमियाचा वाहक सापडत नाही. एकाकडून सिकल आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमिया आला तरी बाळाला त्रास होऊ शकतो. हाताच्या शिरेतून थोडं रक्त, एवढीच तपासणी आहे. मेडिकल, मेयो, डागा, कुठल्याही सरकारी दवाखान्यात जाऊन विचारा.

उशीर कशाला झाला ते स्पष्ट सांगते. गर्भातल्या बाळाची तपासणी करून निर्णय घ्यायचा असतो तो अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेच्या पेशी घेऊन किंवा सोळाव्याच्या सुमारास गर्भजल घेऊन. ती वेळ गेली. बाळासाठी मात्र उशीर झालेला नाही. आधीच माहीत असलं तर जन्मल्याबरोबर त्याची तपासणी होते, आणि आजार निघालाच तर दुसऱ्या महिन्यापासून पेनिसिलिन सुरू करता येतं. नवजात बाळाचीही एचपीएलसीच करायची, पहिल्या सहा महिन्यांत सोल्युबिलिटीवर भरवसा ठेवता येत नाही.

आणि हिमोग्लोबिन कमी आहे ते वाहक असल्यामुळे, असं धरून चालू नको. वाहकालाही लोहाची कमतरता होते. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासायला सांग. पाणी भरपूर पी, लघवीला जळजळ झाली तर लगेच दाखव, वाहक बायकांना गरोदरपणात तो संसर्ग जास्त होतो.

रानजाई | १९ मार्च, दुपारी १:१५

मी फारशी लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही. माझा मुलगा एसएस आहे, म्हणजे त्याला सिकलसेलचा आजार आहे. नऊ वर्षांचा.

तो अकरा महिन्यांचा असताना त्याचे दोन्ही हात सुजले. बोटं अशी फुगली की मुठी मिटेनात. हात लावला की किंचाळायचा. पहिल्या दवाखान्यात सांगितलं, काहीतरी चावलं असेल, मलम लावा. दुसरीकडे म्हणाले, लाडावून ठेवलंय, म्हणून रडतो. तिसऱ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरनं हात बघितले आणि एकच विचारलं, तुम्हा दोघांची सिकलची तपासणी झाली आहे का? माझी झाली होती. फाइलमध्ये कागद होता, एएस लिहिलेलं होतं. मला त्याचा अर्थ कोणी सांगितला नव्हता आणि यांची तपासणी कोणी करायला लावली नव्हती. ते अकरा महिने मला परत मिळाले तर मी काय वाट्टेल ते देईन. पेनिसिलिन चालू असतं, न्यूमोनियाची जास्तीची लस दिली असती, प्लीहा कशी चाचपायची ते मला शिकवलं असतं.

आता रोज हायड्रॉक्सियुरियाची गोळी असते, महिन्याला रक्ततपासणी. दप्तरात दोन पाण्याच्या बाटल्या, शाळेत बाईंना सांगून ठेवलं आहे की तो तासाला मधेच पाणी पिणार आणि मधेच लघवीला जाणार. मेमध्ये दुपारी बाहेर नाही. डिसेंबरात अंगावर स्वेटर चढवल्याशिवाय अंथरुणातून उठायचं नाही. मागच्या वर्षी दोनदा भरती करावं लागलं, त्याआधीच्या वर्षी एकदाही नाही. क्रिकेट खेळतो, बॉलिंग टाकतो, दमला की अंपायर होतो.

हे तुला घाबरवायला लिहीत नाही. दोघंही वाहक निघालात तरी सगळं संपत नाही, एवढंच कळावं. पण माहीत हवं. नवऱ्याला माझी पोस्ट वाचायला दे.

बेसारोड | १९ मार्च, दुपारी २:००

रानजाई, मुलाला आमच्या सगळ्यांचा आशीर्वाद.

तर्रीपोहे | १९ मार्च, रात्री ८:१०

पुरुष म्हणून सांगतो. माझ्याही बायकोनं हीच तपासणी सांगितली होती आणि मलाही आधी राग आला होता. तो राग तिच्यावर नव्हता. आपल्यात काही खोट निघेल, त्याची भीती होती. ते कबूल करता येत नाही, म्हणून माणूस "आमच्या घरात नाही" म्हणतो. ताई, यांच्याशी स्वयंपाकघरात घाईत बोलू नका. तपासणीच्या दिवशी बरोबर न्या आणि डॉक्टरांनाच सांगू द्या. मला डॉक्टरांनी कागदावर चार चौकोन काढून दाखवले. दोन मिनिटं लागली, मग मीच बाही वर केली.

वऱ्हाडीमाय | १९ मार्च, रात्री ९:२५

माय, मी सकाळपासून दोनदा वाचलं. माझ्या जावेची पोट्टी लहानपणी सांधे दुखून दुखून गेली. सात वर्षाची होती. आम्ही वातानं गेली म्हणत होतो. आता वाटून राह्यलं का हेच असन. कोणी तपासलं नाही, कोणाले माहीत नव्हतं. तुले सासूचं भेव वाटते तं मले सांग, मी बोलतो तिच्याशी फोनवर. सासवा सासवांचं ऐकतात.

पहिलटकरीण | २२ मार्च, रात्री १०:३०

वऱ्हाडीमाय काकू, तुमच्या शब्दांनी रडू आलं.

परवा रात्री फाइल काढली आणि रानजाईताईंची पोस्ट यांना वाचायला दिली. बाल्कनीत उभं राहून वाचली. बराच वेळ आत आले नाहीत. मग आले आणि म्हणाले, मला तू एवढं एकटीनं... आणि पुढे बोललेच नाहीत. काल सकाळी अर्धी सुट्टी टाकून रक्त देऊन आलो. परत येताना बर्डीवर थांबून उसाचा रस प्यालो. त्यांनी कापूस अजून हातावर दाबून धरला होता, मी म्हटलं काढा आता.

रिपोर्ट पाच-सहा दिवसांनी येईल.

पारिजात | २२ मार्च, रात्री ११:००

शाब्बास दोघांची. बर्फातल्या रसावरून एकच सांगते. उघड्यावरचा बर्फ उन्हाळ्यात नको, कावीळ गरोदरपणात फार वाईट. घरी पन्हं कर, ताक पी.

संत्राबर्फी | २३ मार्च, दुपारी १२:१०

हे सगळं वाचून आम्ही दोघंही तपासून आलो. मला कोणी सांगितलंच नव्हतं.

निळीछत्री | २३ मार्च, दुपारी ४:००

थोडं वेगळं विचारते, कारण माझ्या बहिणीची तारीखही मेमधलीच आहे. घरचे म्हणतात, उन्हाळ्याचं बाळ आहे, वरचं पाणी चमच्यानं द्यावंच लागेल, ४६ डिग्रीत नुसत्या दुधावर कसं भागेल? खरंच काय करावं?

वऱ्हाडीमाय | २३ मार्च, दुपारी ४:४५

आम्ही तं देत होतो बाप्पा. उकळून गार केलेलं, चांदीच्या चमच्यानं.

पारिजात | २३ मार्च, संध्याकाळी ७:२०

काकू, तुमच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण नाही द्यायचं. आईच्या दुधात आठात सात भाग पाणीच असतं. नागपूरच्या मेमध्येसुद्धा सहा महिने दुसरं काही लागत नाही. पाण्यानं बाळाचं चिमुकलं पोट भरतं, मग ते दूध कमी ओढतं, आणि कमी ओढलं की आईचं दूधही कमी होतं. शिवाय पाण्यातून जुलाब लागले तर एवढ्याशा जीवाला ते झेपत नाही. उन्हाळ्यात बाळाला जास्त वेळा पाजा आणि आईला भरपूर पाणी द्या. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसातून सहा-सात वेळा लंगोट ओला करत असेल तर त्याला पुरतंय.

पहिला पिवळट चीक फेकू नका. मध चाटवू नका, वर्षाच्या आत तर अजिबात नाही. आणि बंद खोलीत शेगडी पेटवून बाळ-बाळंतिणीला धुरी देऊ नका. कोळशाचा धूर बंद खोलीत जीव घेतो, मेमध्ये तर ती उष्णताही वाईट. तेल लावा, कोमट पाण्यानं आंघोळ घाला, त्यात सगळं आलं.

वऱ्हाडीमाय | २३ मार्च, रात्री ८:००

धुरीचं मी मानत नाही. बाळंतशेपा अन् ओव्याच्या धुरीनं अंग मोकळं होते. माझ्या दोन्ही सुनांले देली. दार उघडं ठेवून देऊ, एवढं ऐकते तुझं.

गोधडी | २३ मार्च, रात्री ८:३०

मेमध्ये खरंच नको काकू. डिंकाचे लाडूसुद्धा मी उन्हाळ्यात कमीच दिले सुनेला. अळिवाची खीर दिली, साधा वरण-भात, तूप, दुधी, दोडका, मेथीची भाजी. तेवढ्यावर भरपूर दूध आलं.

पहिलटकरीण | २८ मार्च, दुपारी ३:०५

रिपोर्ट आला. यांचं एए आहे. थॅलेसेमियाही नाही.

ऑफिसच्या बाथरूममध्ये उभं राहून वाचलं. नंतर तिथेच नळ सोडून रडले.

एक गोष्ट मात्र नवी निघाली. हे माझ्याकडे आलं ते आईबाबांपैकी कोणाकडून तरी. धाकट्या भावाचं लग्न ठरवणं चालू आहे, यवतमाळचीच मुलगी आहे. काल रात्री त्याला फोन केला. तो आधी म्हणाला, ताई, लग्न मोडायला निघालीस का? मी म्हटलं, मोडायला नाही रे, फक्त दोघं तपासा. आई मध्ये पडली, लोक काय म्हणतील म्हणाली. अजून वाद चालू आहे, पण मी सोडणार नाही.

रानजाई | २८ मार्च, दुपारी ३:३०

फार बरं वाटलं ग. भावाला सांग, मुलीचा रिपोर्ट काहीही आला तरी निर्णय त्या दोघांचा. अंधारात नको, एवढंच. २०२३ च्या जुलैपासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचं अभियान चालू आहे, २०४७ चं लक्ष्य आहे. गावातल्या आशाताईंना विचारलं तरी तपासणी कुठे होते ते सांगतील.

अंबाझरी | २९ मार्च, सकाळी ९:००

खूप आनंद. आता रजेचं सांग. सव्वीस आठवड्यांतले आठ तू आधी घेऊ शकतेस, पण आधी घेशील तेवढे बाळासोबतचे कमी होतील. एप्रिलपासून घरून काम मिळतंय का बघ. दुपारी दोनला आयटी पार्कहून स्कूटीवर येणं आता बंद.

बेसारोड | २ मे, रात्री ९:४०

धागा वर काढते. काल ४५ होतं. पहिलटकरीण, कशी आहेस?

मला एक सांगायचं आहे, मागच्या मेमधलं माझं स्वतःचं. ३४वा आठवडा होता, दोन दिवस डोकं ठणकत होतं. सगळे म्हणाले ऊन लागलं. कांद्याचा रस लावला, पन्हं प्यायले. जिथे नाव घातलं होतं तिथे फोन केला तर फोनवर म्हणाले आराम करा. रात्री डोळ्यांसमोर काजवे चमकायला लागले तेव्हा नवऱ्यानं गाडी काढली. बीपी १७०/११०. त्याच रात्री सिझेरियन झालं. मुलगी १ किलो ९०० ग्रॅमची, सोळा दिवस काचेत होती. आता ठणठणीत आहे.

पारिजात | २ मे, रात्री १०:१५

हे प्रत्येकीनं वाचावं. नागपूरच्या मेमध्ये डोकेदुखीला पहिलं नाव उन्हाचं लागतं. विसाव्या आठवड्यानंतर डोकं थांबायचं नाव घेत नसेल, नजर अंधुक होत असेल, तोंडावर सूज असेल किंवा बरगडीखाली दुखत असेल, तर आधी बीपी मोजायचं, पन्हं नंतर. १४०/९० किंवा वर असेल तर त्याच दिवशी दवाखाना. पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तरीही तसंच. हालचालीची शंका आली तर डाव्या कुशीवर शांत पडून मोजा. दोन तासांत दहा व्हायला हव्यात. झाल्या नाहीत तर सकाळची वाट बघू नका. गाडी नसेल तर १०८.

पहिलटकरीण | ३ मे, सकाळी ८:००

मी ठीक आहे. बीपी ११०/७०, हिमोग्लोबिन १०.६. फेरिटिन कमी निघालं होतं, दोनदा सलाईनमधून लोह घेतलं. यवतमाळला गेले नाही, आईच इथे आली आहे. बेडरूममध्ये एसी बसला, हॉलमध्ये कूलर, अर्थिंग करून घेतलं. अर्थिंग नव्हतंच, पारिजातताई. इलेक्ट्रिशियननं टेस्टर लावून दाखवलं, पत्र्याला लाल दिवा लागला. तोच पत्रा मागच्या वर्षी मी रोज ओल्या हातानं पुसत होते.

आई आणि सासूबाई दोघी मिळून जुन्या धोतराची दुपटी शिवताहेत. सासूबाईंना मीच सांगितलं सगळं. त्या गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, माझ्या लेकीची पण करून घेऊ मग तपासणी, तिचं अजून व्हायचं आहे.

गोधडी | ३ मे, सकाळी ८:२०

दुपट्यांची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायला सांग, बाळाला टोचत नाही. आणि शिवल्यावर दोनदा धुऊन, उन्हात वाळवून ठेवा.

पहिलटकरीण | ६ जून, पहाटे ३:२०

२४ तारखेला मुलगी झाली. नॉर्मल, २ किलो ८५० ग्रॅम. बाहेर ४४ होतं. नाळ मानेभोवती एक वेढा होता, सिस्टरांनी हलकेच सोडवला. तिचा जन्मानंतरचा नमुना पाठवला आहे, वाहक आहे की नाही ते कळेल, आता त्याची भीती नाही. पहिल्या दिवसापासून फक्त माझंच दूध. सासूबाई चमचा घेऊन एकदा दारापर्यंत आल्या होत्या, मग स्वतःच परत गेल्या.

भाऊ आणि ती मुलगी, दोघंही रक्त देऊन आलेत. रिपोर्ट यायचा आहे.

आत्ता ती मांडीवर आहे. लाइट गेली म्हणून हॉलमध्ये कूलरपुढे, म्हणजे कूलरच्या बाजूला, येऊन बसले आहे. वाळ्याचा वास येतो आहे, गोधडीताई.

वऱ्हाडीमाय | ६ जून, सकाळी ६:१०

लेकीले आजीचा मुका दे. नाव काय ठेवून राहिल्या?